'शर्यत अपूर्ण' असा शेरा मिळवण्याचे मानधन

कोणत्याही मोठ्या मॅरेथॉनचे सविस्तर निकालपत्रक उघडले, तर अगदी तळाशी काही नावांपुढे 'डीएनएफ', म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही, असा शेरा असतो. त्यांतल्या कुणाच्या पोटरीत गोळा आलेला असतो, कुणाचे पोट बिघडलेले असते. आणि एकदोघांनी मात्र आयोजकांनी सांगितले होते तेवढेच अंतर, सांगितलेल्या वेगाने धावून, ठरल्या जागी रस्ता सोडलेला असतो. ही मंडळी म्हणजे पेसमेकर किंवा पेसर, मुख्य धावपटूंच्या पुढे राहून त्यांना वेग लावून देणारे. (आपल्याकडे पेसमेकर म्हटले की हृदयाचे यंत्र आठवते, म्हणून पुढे पेसरच म्हणतो.) आपले काम चोख केलेल्या माणसाला आणि कोलमडलेल्या माणसाला एकच शेरा मिळावा, हे मला बरीच वर्षे खटकत आले आहे, आणि त्या कामाचे पैसे कसे ठरतात हे कळत गेले, तसे ते अधिकच खटकू लागले.

पेसरचा करार साधारणपणे आयोजकांशी होतो आणि बोलणी बहुधा त्याचा एजंट करतो, त्यामुळे मिळालेल्या रकमेतला काही हिस्सा एजंटकडे जातो. जाण्यायेण्याचा आणि मुक्कामाचा खर्च आयोजक उचलतात. मानधन ठोक असते, परंतु ते अंतराशी आणि वेळेशी बांधलेले असते: अमुक किलोमीटरपर्यंत, अमुक वेळेत गटाला आणून सोडायचे. काही करारांत वेळ अचूक साधल्याबद्दल किंवा मागच्या धावपटूने विक्रम केल्याबद्दल जादा रक्कम असते. पहिल्या क्रमांकाला किती, दहाव्याला किती, विक्रमाला किती, हे बहुतेक मोठ्या शर्यती आधीच जाहीर करतात. पेसरचा आकडा मात्र करारातच राहतो. त्यामुळे पहिल्यांदाच हे काम स्वीकारणाऱ्या तरुण धावपटूला आपल्याला देऊ केलेली रक्कम रास्त आहे की नाही, हे ताडून पाहण्यासाठी हाताशी काहीच नसते.

हे काम वरवर दिसते तितके सोपे नाही. केनियाच्या एल्यूड किपचोगेने 2018 साली बर्लिनमध्ये 2 तास 1 मिनिट 39 सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याची सरासरी किलोमीटरला 2 मिनिटे 53 सेकंद पडली. या वेगाने एकही किलोमीटर धावू शकणारे लोक जगात थोडे. पेसरला ते वीस-पंचवीस किंवा तीस वेळा, सलग, पुढे राहून वारा अंगावर घेत करायचे असते. त्या दिवशी शेवटचा पेसर जोसफट बोइट 25 किलोमीटरपाशी थांबला, इतर त्याच्या बरेच आधी गळाले होते, आणि उरलेले सतरा किलोमीटर किपचोगे एकटा धावला. पेसरनी आणखी पुढे साथ द्यावी अशी अपेक्षा होती. अशा वेळी लवकर थांबलेल्याला पूर्ण पैसे द्यावेत का, हा प्रश्न येतोच. माझे मत असे की, मूळ मानधन द्यावे आणि जादा रक्कम कापावी. कारण विश्वविक्रमाच्या वेगाने पंचवीस किलोमीटर ओढून नेणे हे अर्धवट सोडलेले काम नव्हे. शिवाय पेसरची चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. ट्रॅकवरच्या दहा हजार मीटरमध्ये जोशुआ चेप्टेगेईने 2020 साली व्हॅलेन्सियात 26 मिनिटे 11 सेकंद अशी वेळ दिली. म्हणजे दर फेरीला 63 सेकंदांहून किंचित कमी. पेसर उत्साहाच्या भरात पहिल्या दोनतीन फेऱ्या दोन-दोन सेकंद लवकर घेऊन बसला, तर ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे त्याच्याच पायांतले बळ तो खर्चून टाकतो. पेसरला पैसे मिळतात ते वेगाचे तितकेच संयमाचे.

विक्रम असे विकत घेतल्यासारखे होत नाहीत का, हा आक्षेप जुना आहे आणि मला तो पूर्णपणे चुकीचा वाटत नाही. 1953 साली रॉजर बॅनिस्टरने मोट्सपूर पार्कमध्ये मैलाचे अंतर 4 मिनिटे 2 सेकंदांत कापले, पण ख्रिस ब्रॅशर मुद्दाम रेंगाळत मागे राहिला आणि बॅनिस्टर एक फेरी पुढे होऊन जवळ आल्यावर त्याला ओढू लागला. ब्रिटिश संघटनेने ही खरी स्पर्धाच नव्हे असे ठरवून ती वेळ नाकारली. पुढच्या वर्षी 6 मे रोजी ऑक्सफर्डला तोच ब्रॅशर सुरुवातीपासून पुढे धावला, मग ख्रिस चॅटअवेने पुढाकार घेतला, आणि बॅनिस्टरची 3 मिनिटे 59.4 सेकंदांची वेळ इतिहासात गेली. तिघेही हौशी, पैशाचा प्रश्नच नव्हता. पेसरने इतरांबरोबर शर्यत सुरू केलेली असली पाहिजे, मध्येच ताजा माणूस घुसता कामा नये, ही रेघ आजच्या नियमांतही आहे. आणि म्हणूनच 2019 साली व्हिएन्नात 41 पेसरांनी आलटूनपालटून साथ दिल्यावर किपचोगेने नोंदवलेली 1 तास 59 मिनिटे 40 सेकंदांची वेळ विक्रम म्हणून धरली जात नाही. रेघ कुठे ओढायची ते नियमांनी ठरवलेले आहे. पैसे दिल्यामुळे ती रेघ सरकत नाही, असे मला वाटते.

पेसरला थांबण्याचे पैसे मिळतात, तरी तोही शर्यतीतला धावपटूच असतो, आणि करारात मुभा असेल तर पुढे धावू शकतो. पॉल पिल्किंग्टनने 1994 साली लॉस एंजेलिस मॅरेथॉनमध्ये नेमून दिलेले अंतर संपल्यावर मागे पाहिले, तर जवळपास कुणीच नव्हते. तो धावत राहिला, 2 तास 12 मिनिटे 13 सेकंदांत जिंकला, आणि बक्षिसात त्याला मर्सिडीज गाडीही मिळाली. मागून इटलीचा लुका बार्झागी हात उंचावत आला, कारण पुढचा माणूस केव्हाच थांबला असेल आणि आपणच पहिले, अशी त्याची समजूत होती. 2000 साली बर्लिनमध्ये पेसर म्हणून आलेला सायमन बिवॉट असाच जिंकून गेला. त्याहून विलक्षण प्रसंग 2003 चा, त्याच शहरातला: पॉल टर्गटने 2 तास 4 मिनिटे 55 सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि त्याच्या मागे अवघ्या एका सेकंदाने त्याचा पेसर सॅमी कोरिर होता. बार्झागीबद्दल मला सहानुभूती आहे, पण असे निकाल अन्यायाचे आहेत असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्याने सर्वांत जास्त वारा खाल्ला, त्यालाच अंतिम रेषा निषिद्ध करणे हा कुठला न्याय?

महिलांच्या शर्यतींत हिशेब आणखी वेगळा होतो. पुरुषांबरोबरच्या संमिश्र शर्यतीत पुरुष पेसर थेट शेवटापर्यंत साथ देऊ शकतो. ब्रिजिड कॉसगेईने 2019 साली शिकागोत 2 तास 14 मिनिटे 4 सेकंद अशी वेळ दिली, तेव्हा तिच्याबरोबर पुरुष पेसर होते. फक्त महिलांच्या शर्यतींचा विक्रम वेगळा नोंदला जातो तो यामुळेच. तिथे पेसर महिलाच हवी, आणि त्या वेगाने तीस किलोमीटर नेऊ शकणारी महिला स्वतःच जगातल्या मोजक्या धावपटूंपैकी असते. अशा महिलेने स्वतःची शर्यत सोडून हे काम का करावे, याचे उत्तर शेवटी मानधनाच्या आकड्यातच असते, आणि तो आकडा पुरुष पेसरला मिळणाऱ्या रकमेवरून ठरवणे चुकीचे आहे.

ट्रॅकच्या कडेने ठरलेल्या वेगाने एकामागून एक लागत पुढे पळणारे दिवे आल्यापासून पेसरची गरज संपेल, असे काहींना वाटते. दिवे वेग दाखवतात, वारा अडवत नाहीत. त्यामुळे दिवे लागलेल्या शर्यतींतही पेसर पुढे दिसतातच. उलट न्यूयॉर्क मॅरेथॉनने 2007 पासून पेसर घेणे थांबवले आणि तिथली शर्यत डावपेचांची झाली. तीही मला आवडते. परंतु ज्या आयोजकांना वेगवान वेळांची जाहिरात करायची आहे, त्यांनी बक्षिसांच्या यादीशेजारी पेसरांचे मानधन छापावे, आणि निकालपत्रकात त्यांच्या नावापुढे 'डीएनएफ'ऐवजी नेमून दिलेले अंतर व ते गाठण्यास लागलेली वेळ लिहावी. ती वेळ त्यांच्याकडे असतेच, कारण पैसे तीच पाहून चुकते होतात.