दुःख निवडताना घ्यावयाची काळजी

सुशिक्षित माणसाने कोणत्याही आपत्तीवर एकदम हळहळू नये. आधी नकाशा बघावा. तिथे जायला व्हिसा लागत असेल तर बेलाशक हळहळावे. एसटी जात असेल तर जरा थांबावे, चौकशी करावी.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस जळत होते तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती. पॅलिसेड्सची आग कुठे, ईटनची कुठे, वारा कुठून सुटलाय, सगळे तोंडपाठ. सुक्या डोंगराला खेटून एवढी घरे बांधलीच कशाला, असे कोणी विचारले नाही. विचारूही नये. घर जळालेल्या माणसाला असे विचारत नाहीत, एवढी सभ्यता आपल्याकडे आहे. आपल्या माणसांसाठी मात्र नियम वेगळा: परदेशी माणूस संकटात सापडतो, आपला संकट ओढवून घेतो.

डीपीला झेंडा लावताना तो उलटा नाही ना, तेवढे बघावे.

तिकडचे आग विझवायचे हायड्रंट ऐन वेळी कोरडे पडले, याबद्दल शॉवरखाली उभे राहून चुकचुकावे. शॉवरचे पाणी भातसा-तानसाचे. ज्या शहापूर तालुक्यातून ते मुंबईला येते, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. पण शहापूरचे स्टेशन आसनगाव, ते लोकलने गाठता येते, म्हणजे नियमात बसत नाही.

आता प्रत्यक्ष मदतीविषयी. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला. परांडा, भूम, करमाळा, माढा. शेते नुसती बुडाली नाहीत, खरडून गेली. माती वाहून खालचा मुरूम उघडा पडला. दावणीची जनावरे दावणीलाच मेली. मी ग्रुपवर मदतीचे लिहिले. उत्तरे आली ती अशी: ‘पैसे खरंच पोचतात का?’ ‘८०जीची करसवलत मिळेल का?’ ‘सरकारने पॅकेज दिलंय ना?’ ‘नदीकाठी राहायचंच कशाला?’ आणि ‘त्यांचं दरवर्षीचंच आहे.’ अहो, परांड्याला दरवर्षीचा असतो तो दुष्काळ! शेवटी ‘ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे’ अशी समज मिळाली, आणि तिच्याखाली त्याच गृहस्थांनी गरब्याचे पास विकायला काढले.

पैसे नकोत तर वस्तू द्या म्हणून लॉबीत खोका ठेवला. दोन दिवसांत भरला. उदार लोक! हुक तुटलेले ब्लाउज, चेन गेलेले सोफ्याचे अभ्रे, मुदत संपलेले खोकल्याचे औषध, डाव्या पायाचा एकटा बूट आणि एक शेरवानी. जरीची. गुडघाभर चिखल उपसणाऱ्या माणसाने शेरवानी घालून काय करायचे? त्याला ताडपत्री हवी, कडबा हवा, चुलीवर ठेवायला पातेले हवे, पोरांच्या वह्यांचा लगदा झालाय त्या वह्या हव्यात. तुमच्या भांडीवाल्या मावशींनी ज्या चिंध्या दारातूनच परत केल्या, त्या माढ्याला पाठवायच्या? कचऱ्याच्या गाडीत टाकायलाही लाज वाटली असती, म्हणून पूरग्रस्त सापडले का तुम्हाला?

परदेशातल्यांसाठी रडू नका, असे मी म्हणत नाही. रडा की. २०२३ च्या भूकंपात आपले एनडीआरएफचे जवान तुर्कस्तानात ढिगारे उपसायला गेले, ते चांगलेच झाले. १९९३ मध्ये किल्लारी पडली, तेव्हा पुनर्वसनासाठी जागतिक बँकेनेही पैसा दिला. दगडमातीची घरे बांधलीतच कशाला, म्हणून हात आखडला नाही.

पण तुम्ही लॉस एंजेलिसलाही दमडी पाठवली नव्हती. हात जोडले, स्टेटस टाकला, झोपलात. लांबचे दुःख तुम्हाला आवडते ते एवढ्याचसाठी, की तिथला माणूस बेल वाजवायला येत नाही. जवळचा येतो. मग तुम्हाला हिशेब आठवतो, पुढारी आठवतात, भ्रष्टाचार आठवतो, सगळे आठवते. खिसा तेवढा सापडत नाही. शिकलेली माणसे ना तुम्ही? फ्लॅटच्या इंटिरियरवर उडवताना कोणाकडे ८०जी मागितले होते?

तो खोका मी पाठवणार नाही. उद्या सकाळी लॉबीत उघडून मांडतो. ज्याने त्याने आपापली चिंधी ओळखून घेऊन जावी, आणि जाताना एका ताडपत्रीचे पैसे ठेवावेत. पावती देतो. ८०जी मिळणार नाही.