जिद्द हवीच, पण ती खर्च कुठे करायची?

नमस्कार. पहिल्या मॅरेथॉनच्या सरावावरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलेच तुटून पडलात. नव्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते : मॅरेथॉन नव्वद टक्के मनाची असते, केनियाच्या मॅरेथॉनपटू किपचोगेकडे बघा, मी दुखापतींचा बाऊ करून नवख्यांना घाबरवते, मध्येमध्ये चालणं ही लबाडी आहे, आणि तुमचा पुतण्या सात आठवड्यांच्या तयारीवर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला ४२ किलोमीटर धावणारच, कारण पोरात जिद्द आहे.

जिद्द लागते यावर आपलं भांडण नाहीच. ती कशासाठी लागते, यावर आहे.

धावायला लागलं की पहिल्या तीन-चार आठवड्यांत दम लागणं कमी होतं. हृदय आणि स्नायू लवकर जुळवून घेतात. माणसाला वाटतं, आपण तयार झालो, आणि तो एकदम अंतर वाढवतो. हाडांचं वेळापत्रक मात्र वेगळं असतं. धावण्याचा ताण पडला की शरीर हाडाचा जुना भाग आधी पोखरून काढतं आणि मग तिथे नवा भरतं. हे एक चक्र पुरं व्हायला तीन-चार महिने लागतात, आणि मधल्या काळात ती जागा तात्पुरती कमकुवत असते. नडगीचं दुखणं, पुढे जाऊन हाडाला जाणारी बारीक चीर, हे सगळं याच टप्प्यात गाठतं. तेव्हा फुप्फुसं म्हणतात ‘पळ’, मन म्हणतं ‘पळ’, आणि नडगीचं मत कोणी विचारत नाही. तुमच्या पुतण्याचे सात आठवडे नेमके इथे संपतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, पण इथे गुडघ्याला खरोखरच काहीतरी बांधायची वेळ येते.

आता किपचोगे. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नात तो मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावला, म्हणजे किलोमीटरला साधारण २ मिनिटं ५० सेकंद. पण त्याच्या रोजच्या सोप्या धावा त्याहून किलोमीटरमागे मिनिटभराने तरी हळू असतात. मॅरेथॉनमधल्या जगातल्या सर्वांत वेगवान माणसांपैकी एक सरावात स्वतःला आवरतो, आणि आमच्या ठाण्यातल्या येऊरच्या चढावर दर रविवारी कोणीतरी नवखा शेजारच्याला मागे टाकण्यासाठी जीव काढत असतो. मनाची ताकद बघायचीच तर मला ती आवरण्यात जास्त दिसते. बोलता बोलता धावता येईल इतक्याच वेगाने जायचं, आणि ओळखीच्या काकू जोरात चालत पुढे निघून गेल्या तरी वेग वाढवायचा नाही, हे फार अवघड आहे हो. अहंकार दुखतो.

शर्यतीच्या दिवशीही तेच. स्नायू आणि यकृत मिळून साधारण २००० कॅलरींइतकं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, बाळगून असतात. ६५ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला २७०० च्या आसपास लागतात. उरलेलं चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्यातून येतं, पण वेग जितका जास्त, तितका साखरेचा साठा झपाट्याने संपतो. मरिन ड्राइव्हवर पहाटेच्या गार वाऱ्यात, बँडच्या तालावर जोशात धावलेल्याचा हिशोब परतीच्या वाटेवर पेडर रोडच्या चढावर चुकता होतो. तोवर ऊन वर आलेलं असतं, हवेतल्या दमटपणाने घाम वाळत नाही आणि त्याच वेगाला हृदय जास्त ठोके मारतं. तिथे मन कितीही खंबीर असलं तरी रिकाम्या टाकीवर ते फार लांब नेत नाही.

चालण्याबद्दल : जेफ गॅलोवे १९७२च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेला माणूस, आणि त्यानेच नवख्यांना ठरवून धावणं-चालणं शिकवलं. थकल्यावर नव्हे, थकण्याआधी, पहिल्या किलोमीटरपासून. चालणाऱ्यालाही अंतर ४२.१९५च पडतं.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत आहे. मनाची बाजू त्या लेखात फारच थोडक्यात आली. २८-३० किलोमीटरच्या लाँग रनमध्ये दुखण्यापेक्षा कंटाळा मोठा असतो. शनिवारी कोणाच्या तरी हळदीतून नऊला उठून निघायचं, ‘एवढं काय ते, मेडल तर सगळ्यांनाच देतात’ हे ऐकून घ्यायचं, पहाटे चारला पावसात बूट घालायचे. पण सगळ्यांत वाईट शर्यतीआधीचे शेवटचे दोन-तीन आठवडे. अंतर मुद्दाम निम्म्यावर आणायचं असतं. पाय मोकळे झाल्यावर नवनवीन दुखणी सुचतात, रात्री झोप येत नाही, ‘एकदा ३५ करून बघू का’ असा किडा वळवळतो. त्या दिवसांत घरी बसून राहण्याएवढी जिद्द मला सगळ्या सरावात कधी लागली नव्हती. घरच्यांना विचारा, त्यांनाही लागली असेल.

राहिला पुतण्या. त्याचं वय, आधीचा खेळ मला माहीत नाही. तो वर्षानुवर्षं फुटबॉल खेळत असेल तर सात आठवड्यांत रेटून नेईलही. असे लोक आहेत. पण तुम्हीच लिहिलंय की सध्या तो पाच किलोमीटर धावतो. तर या जानेवारीत त्याने ४२ सोडून द्यावं, जवळपासची एखादी १० किलोमीटरची शर्यत धावावी, आणि पुढच्या वर्षी पावसाळ्यापासून तयारीला लागावं. तरीही तो ऐकणार नसेल तर एवढं सांगा : बोट ठेवून दाखवता येईल असं एकाच जागी दुखत असेल, सकाळी उठल्यावर वाढलेलं असेल किंवा लंगडायला होत असेल, तर त्या दिवशी धावायचं नाही आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. दोन्ही मांड्या सारख्याच भरून आल्या असतील तर खुशाल जिना चढू दे, कुरकुरत का होईना. आणि मागच्या चार आठवड्यांत रोज किती धावला ते त्याला इथेच लिहायला सांगा, मग आकडे बघून बोलू.