पगाराचा गुणाकार आणि शिक्षण सेवकाची तीन वर्षं

हिवाळी अधिवेशन आलं की नागपुरात यशवंत स्टेडियमवरून शिक्षकांचे मोर्चे निघतात. सध्या त्यात टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, विषय पेटलेला आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या, आधीपासून सेवेत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं. मग वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, पन्नाशीच्या गुरुजींची कसली परीक्षा घेता? दुसरी म्हणते, एवढा पगार घेता, तर द्या की! आणि मधेच कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं की इंग्लंडात मास्तरला वर्षाला पस्तीस लाखांच्या वर मिळतात.

हा गुणाकार आधी मोडून काढू. लंडनबाहेर नव्या शिक्षकाचा पगार सप्टेंबर २०२५ पासून वर्षाला ३२,९१६ पौंड आहे. निवृत्तिवेतन, आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स कापून महिन्याला हातात साधारण २,१०० पौंड येतात. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आणखी वेगळा. घरभाडं पौंडात, भाजी पौंडात. त्याला रुपयांनी गुणून रामटेकच्या बाजारात खर्च करता येत नाही.

खरा फरक रकमेत नाही, ती कधीपासून मिळते यात आहे.

नागपूर जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते पाचवीला शिकवायचं तर बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड., म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाची पदविका, लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर या वर्गांसाठी बी.एड. चालत नाही. पुढे टीईटीचा पेपर एक: १५० प्रश्न, १५० मिनिटं, खुल्या गटाला ९० गुण हवेत. इथे अनेकांची गल्लत होते. टीईटी म्हणजे नुसती पात्रता, नोकरीसाठी तिचे गुण कामी येत नाहीत. गुणवत्ता यादी लागते ती अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीवर, म्हणजे २०० प्रश्न, तेही दोन तासांत. ही चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ ला झाली, मग २०२५ ला. मधल्या वर्षांत डी.एल.एड. झालेले नुसते वाट बघत वय वाढवत राहिले. मग पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ. तिथे स्वप्रमाणपत्र भरायचं, प्राधान्यक्रम द्यायचे आणि ते लॉक करायला विसरायचं नाही.

जिल्हा परिषदेची निवड मुलाखतीशिवाय होते. वशिल्याला आळा बसला, हे चांगलंच आहे. पण पहिलीच्या चाळीस लेकरांसमोर हा माणूस उभा कसा राहतो, हे निवडीच्या कुठल्याही टप्प्यावर कुणी पाहत नाही. डी.एल.एड.मधले सराव पाठ आणि पाठ टाचणं तेवढी होतात.

ते पाहण्यासाठीच शिक्षण सेवकाची, म्हणजे नव्या शिक्षकाने मानधनावर काढायची, तीन वर्षं आहेत, असं कागदावर म्हणता येईल. प्रत्यक्षात ती स्वस्त मजुरीची वर्षं आहेत. महिन्याला मानधन १६,०००, तेही २०२३ पासून. त्याआधी ६,००० होतं. शेजारच्या वर्गातल्या कायम शिक्षकाची मूळ वेतनाची सुरुवातच २९,२००, आणि महागाई भत्ता ५० टक्केच धरला तरी ४३,८००, घरभाडं वेगळं. काम तेच. उलट नवा म्हणून ऑनलाइन माहिती भरणं आणि पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब त्याच्याच गळ्यात पडतो. दोनशिक्षकी शाळेत तर मार्गदर्शन करणार कोण? दुसरे गुरुजी तिसरी-चौथी सांभाळत असतात.

इंग्लंडात पदवीनंतर एक वर्षाचं प्रशिक्षण असतं आणि त्यात शाळेतले किमान १२० दिवस. शिवाय सोळाव्या वर्षी दिलेल्या परीक्षेत इंग्रजी, गणित, विज्ञान पास असावं लागतं. नोकरी लागल्यावर दोन वर्षं परिविक्षेची, पण पगार पहिल्या दिवसापासून पूर्ण. तयारीसाठी सगळ्याच शिक्षकांना मिळणाऱ्या दहा टक्के वेळेशिवाय नव्याचे तास पहिल्या वर्षी आणखी दहा टक्के कमी, दुसऱ्या वर्षी पाच. पहिल्या वर्षी दर आठवड्याला मेंटरशी, म्हणजे नेमून दिलेल्या मार्गदर्शक शिक्षकाशी, बैठक. मेंटर मागच्या बाकावर वही घेऊन बसतो. मूल sh चा उच्चार एका ध्वनीत करतंय की 'स' आणि 'ह' वेगळे वाचतंय, आणि ते चुकल्यावर शिक्षिका काय करते, एवढंच टिपतो. त्यावर पुढची बैठक. दोन वर्षांनी नापास ठरलात तर सरकारी शाळेचं दार बंद.

इंग्लंडचं कौतुक इथेच आवरतं घेतो. एवढं करूनही पाच वर्षांत जवळपास एक तृतीयांश शिक्षक पेशा सोडतात. आणि नागपूरच्या डी.एल.एड.वाल्याने इंग्लंडात जायचा विचार केला असेल, तर भारतीय पात्रतेवर थेट मान्यता गणित, विज्ञान किंवा भाषा ११ ते १६ वयोगटाला शिकवणाऱ्यांनाच मिळते. प्राथमिकला नाही. एजंट हे सांगत नाहीत.

सेवेतल्या गुरुजींनी टीईटी द्यावी, त्यात अपमान कसला! प्रश्न आठवीपर्यंतच्या अभ्यासक्रमाशी जोडलेले असतात. पण ती परीक्षा गुरुजींना काय येतं ते सांगेल, वर्गात काय होतं ते नाही. मोर्चातल्या मागण्यांत शिक्षण सेवक पद रद्द करा ही जुनीच आहे. तिच्यासोबत आणखी एक ओळ हवी: पहिल्या वर्षी पूर्ण पगार, थोडे कमी तास, आणि केंद्रप्रमुखांनी महिन्यातून एकदा रजिस्टर न मागता पूर्ण तास मागे बसून पाहणं.