३२ रुपये किलो

आज दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही. लिहून मोकळा होतो, नाहीतर झोप लागायची नाही.

आमच्या फियाटचं काम चार महिने चालू आहे, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. १९७३ ची गाडी, आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. इंजिन झालं, पत्र्याचं काम झालं, रंग झाला. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक सिलेंडर तेवढा गळतोय आणि त्याचं आतलं रबर कुठे मिळत नाही. म्हणून आज उद्यमनगराच्या मागच्या त्या जुन्या दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. पन्नाशीच्या पुढच्या कोल्हापूरकराला नाव सांगायची गरजही नाही.

शटर अर्धं वर होतं. आत सगळे रॅक मोकळे. दुकानदारांचा मुलगा फरशी झाडत होता. मला बघून म्हणाला, "काका, उशीर केलासा. परवाच सगळं दिलं."

"कुणाला दिलंस?"

"भंगारवाल्याला. ३२ रुपये किलोनं."

मी काही बोललोच नाही. बोलता आलं नाही. त्या रॅकवर काय होतं ते मी लहानपणापासून बघितलंय. पेटीपॅक माल. ग्रीस लावून तेलकट कागदात गुंडाळलेले किंगपिन, व्हील सिलेंडरच्या किट (ब्रेकची आतली रबरं), हँड गिअरच्या लिंकेजचे बुश, कार्बोरेटरचे पितळी जेट, दाराची हँडलं. एकही वस्तू गाडीला लागलेली नव्हती. पन्नास वर्षं कुणाची तरी वाट बघत बसलेला माल, आणि तो तुटक्या सायकली आणि गंजक्या पत्र्याबरोबर काट्यावर चढला. पितळ वेगळं काढून जादा भाव घेतला म्हणे. एवढी अक्कल होती म्हणजे!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. सांगतो.

१९८४ च्या जुलैमधली गोष्ट. मी दहा वर्षांचा. आम्ही रत्नागिरीला निघालो होतो, आंबा घाटात तुफान पाऊस. एका वळणावर एक पांढरी फियाट बंद पडलेली. आत एक बाई, मांडीवर तान्हं बाळ, आणि बाहेर भिजत हँडल मारणारा तिचा नवरा. आण्णांनी गाडी बाजूला घेतली. त्या माणसाला म्हणाले, "एकदा सेल्फ मारा बघू." मारला. आण्णांनी फक्त ऐकलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, जळके पॉइंट बघितले आणि म्हणाले, "कंडेन्सर गेलाय." (छोटासा पार्ट, पण तो गेला की पॉइंट जळतात आणि ठिणगी धड पडत नाही.) मग आमच्या डिकीतून साठे बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात त्यांचा सगळा जादा माल असायचा. पॉइंट, कंडेन्सर, फॅन बेल्ट, दोन प्लग, आणि इंजिनाच्या पेट्रोल पंपावर टाकायला एक फडकं. (घाट चढताना पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि गाडी गप्प होते. ओलं फडकं टाकायचं, दहा मिनिटं थांबायचं. ज्यांनी फियाट चालवली त्यांना हे सांगायला नको.)

डब्यात कंडेन्सर एकच होता. आण्णांनी तो त्यांना बसवून दिला. पॉइंट घासले, फट मोजायचा फीलर गेज नव्हता म्हणून पोस्टकार्डाच्या जाडीवर गॅप लावली. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. तो माणूस पैसे काढायला लागला तेव्हा आण्णा म्हणाले, "पैसे नकोत. गावात गेलात की एक जादा घेऊन ठेवा. घाटात कुणाला ना कुणाला लागतोच."

हे मी आज त्या पोराला सांगणार होतो. नाही सांगितलं. तो झाडत होता.

कारखाना बंद पडला म्हणून पार्ट संपले असं सगळे म्हणतात. तसं नाही हो. कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये या गाड्या २००० च्या सुमारास बनायच्या थांबल्या, तरी पार्ट मिळत होते. का? मुंबईच्या टॅक्स्यांमुळे. जोवर रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी, म्हणजे नाव बदललेली फियाटच, होती, तोवर कुणीतरी ब्रेकची किट बनवत होतं, कुणीतरी क्लच प्लेट बनवत होतं आणि आमच्यासारख्यांना त्यातलं मिळत होतं. ताडदेव आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ला झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही नाही. त्या दिवशी पेपरात फोटो आले, लोकांनी हळहळ लिहिली, लाइक टाकले. आणि त्याच दिवसापासून गल्लीगल्लीतला रॅकवरचा माल भंगार झाला, ते कुणी लिहिलं नाही.

त्यात माझी गाडी पद्मिनीसुद्धा नाही, प्रीमियर प्रेसिडेंट आहे. इंजिन तेच, १०८९ सीसी. १९६४ पासूनची फियाट ११०० डिलाइट, मग दोनेक वर्षं प्रेसिडेंट, मग १९७४ ला पद्मिनी. नाव बदललं, गाडी जवळपास तीच राहिली. पण त्या दोन वर्षांतलं मागचं 'प्रेसिडेंट' लिहिलेलं मोनोग्राम शोधा! मी चोरबाजार पालथा घातला, पुण्याच्या जुन्या बाजारात तीन रविवार काढले. शेवटी फोनवर एक जण सापडला. किंमत ९,००० रुपये. पत्र्याच्या चार इंच अक्षरांना नऊ हजार. वर म्हणतो, "घ्यायचं तर आज सांगा, दुबईचा गिऱ्हाईक थांबलाय."

या लोकांचा मला त्या भंगारवाल्यापेक्षा जास्त राग आहे. भंगारवाल्याला माहीत नसतं. यांना सगळं माहीत असतं. गोदामात चार-चार ग्रिल दाबून ठेवायच्या, गाडी उघडी पडली की नड बघून भाव सांगायचा. आण्णांच्या डब्यात एकच कंडेन्सर होता आणि पुढे अख्खा घाट होता. त्यांनी नड बघितली ती द्यायला.

चहा घेऊन आलो. थोडा शांत झालोय.

त्या पोराचंही बरोबर आहे, हे लिहायला जड जातंय पण लिहितो. त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. दुकानाचं भाडं चालू. महिन्याला एखादं गिऱ्हाईक यायचं, तेही माझ्यासारखं, तासभर बसून ऐंशी रुपयांचा बुश घेणारं. मी स्वतः तिथे शेवटचा कधी गेलो होतो? दीड वर्ष झालं असेल. तो म्हणाला, "काका, तुम्ही सगळे येऊन जुन्या गोष्टी सांगायचा. माल कोण घेत नव्हतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

पण एक फोन करायचास रे बाबा. एकच फोन. आम्ही दहा जणांनी मिळून उचलला असता सगळा माल, ३२ च्या जागी ५० नं.

आमच्या घरात पण दोन मतं आहेत. मेहुणे म्हणतात, "एवढ्या पैशात नवी ऑटोमॅटिक आली असती." आली असती. सीटबेल्ट, एअरबॅग, सगळं आलं असतं, आणि मुलीला घेऊन हायवेला मी या गाडीतून जाणार नाही, हेही मान्य. पण नव्या गाडीचा एक इलेक्ट्रॉनिक डबा बिघडला की कंपनी म्हणते डबाच बदला. दुरुस्ती हा शब्दच त्यांच्याकडे नाही. माझ्या गाडीची प्रत्येक वस्तू उघडता येते, बघता येते, पुन्हा जोडता येते. ज्याला हे महत्त्वाचं वाटत नाही त्याच्याशी मला वादच घालायचा नाही.

आणि कोल्हापुरानं तरी हे म्हणू नये! दसऱ्याला दसरा चौकात उभं राहून आपण काय बघतो? राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक. न्यू पॅलेसवरून ती गाडी निघाली की पोरं खांद्यावर घेऊन लोक उभे असतात. ती चालते कशामुळे? कुणीतरी ती चालती ठेवली म्हणून. या गावात जुन्या काळच्या कारागिराचं, म्हादबा मेस्त्रींचं नाव आजही आदरानं घेतात. या गावात लेथवर काय बनत नाही, असं विचारायची पद्धत होती. राजाची गाडी जपायची आणि मास्तरची, क्लार्कची, डॉक्टरची फियाट काट्यावर घालायची? ज्या माणसांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितली आणि पगारातून पैसे साठवून एक गाडी घेतली, त्यांची गाडी म्हणजे इतिहास नाही का?

आमच्या लेथवाल्या चाचांबद्दल लिहिलंच पाहिजे. पुढची चाकं ज्या पिनांवर वळतात त्या किंगपिनचे बुश झिजून लंबगोल झाले होते. स्टेअरिंग हातात थरथरायचं. बाजारात बुश नाही. चाचांनी जुना बुश बोटात फिरवला, व्हर्नियर लावला आणि म्हणाले, "ठेवून जावा, दुपारी या." गनमेटलचा तुकडा लेथला लावून चारही बुश काढले, रीमर मारला. मी गेलो तेव्हा पिन आत सोडून दाखवली. पिन स्वतःच्या वजनानं, सावकाश, तेलातून उतरावी तशी खाली गेली. त्यांनी ६०० रुपये घेतले. वय सत्तरीच्या पुढे. मुलगा पुण्यात कंपनीत. लेथ घ्यायला कोणी नाही.

पण चाचा ब्रेकचं रबर बनवू शकत नाहीत. ते लेथचं काम नाही आणि तिथे अंदाज चालत नाही, जिवाचा प्रश्न आहे. म्हणून तर त्या दुकानातली किट हवी होती. पेटीपॅक रबरसुद्धा इतक्या वर्षांनी कडक होतं, हे मला कळतं. पण नवाकोरा नमुना हातात असला तर माप मिळतं, साचा करता येतो, चांगल्या रबरात पन्नास नग काढून घेता येतात. झिजलेल्या रबरावरून माप निघत नाही. परवा काट्यावर जे चढलं ते नुसतं लोखंड नव्हतं, मापं होती.

रबराचंच आणखी एक. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. आमच्या फ्युएल पंपाचा जुना डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) त्यात फुगून वाया गेला, दोन पाइप चिकट झाले. ऊसवाले मित्र चिडतील. त्यांच्या घरात पैसा येतो, चांगलंच आहे. पण जुन्या गाड्यांसाठी एखादा पंप तरी साध्या पेट्रोलचा ठेवावा, एवढं मागणं फार आहे का?

आणि सरकार. १५ वर्षांवरच्या गाडीच्या पुनर्नोंदणीची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० केली. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, २०,००० रुपये भरून. चांगला नियम आहे, नाही म्हणत नाही. पण मग ती गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यालाच बाहेर काढायची. मला आण्णांच्या गाडीतून आईला ज्योतिबाला न्यायचंय. शिवाय गाडी मूळ रूपात पाहिजे अशी अट. मूळ रूपात ठेवायची कशी, पार्ट ३२ रुपये किलोनं गेल्यावर?

आत्ता आण्णांचा डबा समोर घेऊन बसलोय. रंग उडालाय, झाकण कडेला दबलंय. त्या दिवशी घाटातून परत येताना आई सबंध रस्ता गप्प होती. डब्यात कंडेन्सर नाही, पाऊस थांबत नाही आणि दोन लहान मुलं गाडीत. घरी आल्यावर ती आण्णांवर जी चिडली ती मला अजून आठवते. ती बरोबर होती, आज मला मुलं झाल्यावर कळतं. दुसऱ्या दिवशी आण्णा त्याच दुकानात गेले आणि दोन कंडेन्सर घेऊन आले. "एक आपला, एक घाटाचा," असं आईला म्हणाले. त्यातला एक अजून डब्यात आहे. खाकी पाकीट, वर दुकानदारांच्या हातचं शिसपेन्सिलनं लिहिलंय: फियाट, कंडे., ८ रु.

मघाशी भंगारवाल्याला फोन लावला. त्या पोरानंच नंबर दिला, न मागता. पोती अजून फोडलेली नाहीत. मंगळवारी ट्रक भरून भट्टीला जाणार. ४५ रुपये किलोनं सगळं द्यायला तयार आहे, पण निवडून देणार नाही, उचलायचं तर अख्खं. साधारण सव्वाचारशे किलो आहे. पैशाचं मी बघतो, नंतर वाटून घेऊ. आलेला माल माझ्या गॅरेजमध्ये मांडून ठेवणार. ज्याला जे लागेल ते त्यानं खरेदीच्या भावात न्यावं.

सांगली, इचलकरंजी, निपाणीकडच्या फियाटवाल्यांना ही पोस्ट पाठवा. ॲम्बेसेडरवाल्यांनाही पाठवा, त्या रॅकवर त्यांचाही माल होता. मला फक्त मागच्या व्हील सिलेंडरची किट पाहिजे, आणि नशिबात असेल तर ते मोनोग्राम.

कुणाचा छोटा हत्ती टेम्पो उद्या सकाळी रिकामा असेल तर रात्रीच कळवा. नऊ वाजता जमायचं. यार्डात सावली नाही, टोपी आणि जुने हातमोजे घेऊन या.