व्याख्यानं पुरे, कपाटं उघडा

कॉलेजं सुरू झाली की ‘तुम्ही काहीही करू शकता’ छापाच्या व्याख्यानांना ऊत येतो. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेलं पोर मनापासून टाळ्या वाजवतं आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या खिडकीशी अडतं. चिठ्ठी भरायची असते: पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव. कोणती पुस्तकं असतात हेच माहीत नसेल तर लिहिणार काय? आतल्या कपाटांना कुलूप. मग ते झेरॉक्सच्या दुकानातून ‘आयएमपी’ उचलतं, आणि आपण स्टाफरूममध्ये म्हणतो, हल्ली मुलं वाचतच नाहीत.

मी तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. एसवायच्या एका मुलीला चलनवाढीवर टिपण लिहायला दिलं होतं. चार दिवस ती जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसली होती, कारण मधली पानं सोडणं तिला लबाडी वाटायची. शेवटची सूची उघडून दाखवली. ‘च’वरून बोट फिरवत तिने पान शोधलं आणि म्हणाली, “म्हणजे सर, अख्खं वाचायचं नसतं?”

पुढच्या आठवड्यात वेगळीच तक्रार. एक पुस्तक म्हणतं पैशाचा पुरवठा वाढला म्हणून भाव वाढतात, दुसरं म्हणतं उत्पादनखर्च वाढला म्हणून. “परीक्षेत कुठलं लिहू?” म्हटलं, दोन्ही लिही, आणि तुमच्याकडे खताची गोणी महागली ती कशाने, तेही लिही. त्यावर तिने दीड पान लिहिलं. वडिलांना विचारून. गाईडात नसलेलं उत्तर तिने पहिल्यांदाच लिहिलं होतं.

शिकलेल्या घरातल्या मुलांना या खुब्या जेवता-जेवता कळतात. बाकीच्यांना त्या कुणीतरी शेजारी बसून दाखवाव्या लागतात. सरकारच्या ‘स्वयं’ पोर्टलवर ऑनलाइन कोर्स आहेत, फुकट आहेत, कबूल. पण ग्रुपवर लिंक टाकली की आपली जबाबदारी संपली, हे मला पटत नाही. इंग्रजी व्याख्यान कुठे थांबवायचं, काय टिपायचं, हे एक-दोनदा सोबत बसून करून घ्या. मग सोडा एकटं.

कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली काढलेल्या रयत शिक्षण संस्थेचं ब्रीदच स्वावलंबी शिक्षण. पण १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींच्या पोरांसाठी बोर्डिंगही काढलं. राहायला छप्पर, हाताला काम, सोबतीला पोरं. आपण ब्रीद तेवढं उचललं आणि स्वावलंबनाचा अर्थ ‘तुझं तू बघ’ असा करून टाकला.

माझी मागणी साधी आहे. एफवायच्या मुलांना पहिल्या महिन्यापासून कपाटांपर्यंत जाऊ द्या. वेळापत्रकात आठवड्याला एक तास ग्रंथालयाचा, शिक्षकासकट. पुस्तकं गहाळ होतील म्हणता? होतील दोन-चार. कुलपात राहून वाळवीने खाल्ली तर त्याचा हिशेब कोण विचारतं? (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती येणार असली की एरवी बंद असलेली कपाटंही लख्ख पुसून उघडी ठेवता येतात, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय.)

ग्रंथपाल मित्रमैत्रिणींनो, तुमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांना आत सोडतात का? कसं जमवता, कमेंटमध्ये सविस्तर सांगा. आमच्या प्राचार्यांना दाखवायचंय.