मिस्टरांशी बोलून द्या

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक ठोकून पुढे जा, मला राग नाही यायचा.

दिवाळीनंतर वेंगुर्ल्याला जायचं मनात आहे. एकटीनं. ओळखीतून एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणाचा नंबर मिळाला, फोन लावला. मालक काय गोड बोलले! तारखा मोकळ्या, नाश्त्याला घावणे आणि चटणी, मासे हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, समुद्र चालत पाच मिनिटं. सगळं ठरत आलं आणि मग, "किती जण आहात ताई?" म्हटलं, मी एकटीच. "अं... नाही, म्हणजे आम्ही फॅमिलीच घेतो." अहो, मीही कुणाची तरी फॅमिलीच आहे की! "तसं नाही ताई, घरचे नको म्हणतात." कोण घरचे, का नको, काही सांगणं नाही. नंतर बघून कळवतो म्हणाले. कळवतायत आता!

ज्यांनी माझं रत्नागिरीचं रामायण ऐकलंय त्यांना कळेल मी एवढी का भडकले ते. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते.

गेल्या वर्षी मी रत्नागिरीला गेले होते. फोनवर खोली सांगून ठेवली होती, नावासकट. कुवारबावच्या स्टेशनवर उतरले, रिक्षानं गावात आले, भर दुपारी घामाघूम होऊन लॉजच्या काउंटरवर उभी राहिले. मॅनेजर पोरगेलासा, कपाळाला गंध, बोलायला नम्र. रजिस्टर उघडलं, माझ्या मागे दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, सोबत कोण?" मी म्हटलं, "बॅग." त्याला हसू आलं नाही. म्हणाला, सिंगल लेडीजना आम्ही देत नाही. मी आधार कार्ड काढलं, पॅन कार्ड काढलं, बँकेतून निवृत्त झाल्याचं कार्ड काढलं. परतीचं तिकीट दाखवलं. तो सगळं नीट बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, "ते बरोबर आहे मॅडम, पण मिस्टरांशी बोलून द्या."

मिस्टरांशी. बोलून. द्या.

मिस्टर डोंबिवलीला आमटी-भात जेवून आडवे झाले होते. चार-पाच रिंगांनंतर उचलला. मी फोन त्या पोराच्या हातात दिला. हे झोपेतच म्हणाले, "हो, माझीच बायको. देऊन टाका खोली. नाही दिलीत तर ती तुमच्या काउंटरवरच बसेल, मला माहितीये." आणि मिळाली हो खोली! दोन मिनिटांत! हा किस्सा मी आजवर सगळ्यांना हसत हसत सांगत आलेय. आमच्या भिशीत तर फर्माइश होते. पण आज तो वेंगुर्लेकरांचा फोन झाला आणि एकदम मला त्यात हसण्यासारखं काही सापडेना.

उभी हयात बँकेत गेली माझी. लोकांच्या घरांच्या, दुकानांच्या, ट्रकच्या कर्जांवर माझी सही चालली. ट्रेझरीच्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये असायच्या. आणि एका रात्रीच्या खोलीसाठी माझी सही चालत नाही, झोपेतल्या माणसाचं "हो" चालतं?

बरं, माझ्याकडे निदान फोन लावायला नवरा होता. माझी एक वर्गमैत्रीण आहे, लग्न केलं नाही तिनं. इथे आहे ती, वाचेलच. तिनं कुणाला लावायचा फोन? दुसरीचे मिस्टर करोनात गेले. फिरायची तिला भारी हौस. ती त्या काउंटरवर उभी राहून काय सांगणार? मुलगा अमेरिकेत, तिकडे मध्यरात्र. त्याला उठवून म्हणायचं का, बाळा, मला रत्नागिरीत झोपायची परवानगी दे?

आता लॉजवाल्यांचीही बाजू असते म्हणे. एकटा माणूस खोली घेतो, आतून कडी लावतो आणि सकाळी दार उघडतच नाही. मग पोलीस, पंचनामा, पेपरात लॉजचं नाव. बरं, मान्य. पुढे.

गंमत सांगू? खोली दिली ती कुठली, तर पहिल्या मजल्यावर जिन्यासमोरची, काउंटरवरून दार दिसेल अशी. "लक्ष राहील मॅडम." रात्री साडेनऊला इंटरकॉम वाजला. सगळं ठीक ना? दहाला पुन्हा. पाणी हवं का? दुसऱ्या दिवशी थिबा पॅलेसला गेले तेव्हा मला तिथे उभ्या उभ्या हसू फुटलं. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये गादीवरून काढलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं ते 1916 मध्ये मरेपर्यंत. तीस वर्षं नजरकैद! पण त्याला निदान 1910 मध्ये खाडी आणि समुद्र दिसेल असा वाडा बांधून दिला. मला जिना दिला.

तो वाडा मी याआधी सासरच्या गोतावळ्याबरोबर पाहिला होता. पाहिला म्हणजे काय, गाडीतून उतरलो, फोटो काढले, कुणाला तरी लघवीला लागली, कुणाला आइस्क्रीम हवं होतं, निघालो. या वेळी एकटी होते. लाल चिऱ्याच्या त्या भिंतींमधून सावकाश फिरले. वरच्या मजल्यावर रंगीत काचांमधून ऊन जमिनीवर पडलं होतं, लाल-निळे तुकडे. ते तुकडे हळूहळू सरकतात. मी ते सरकताना पाहत बसले. "चला, अजून तीन पॉइंट राहिलेत" म्हणणारं कुणी नव्हतं. राजा दुर्बीण लावून समुद्रावरची जहाजं बघत बसायचा असं सांगतात. मला उगीचच त्याच्यासाठी वाईट वाटलं, आणि सावकाश वाईट वाटायला मला वेळही होता.

एकटीनं फिरायचं ते याचसाठी हो. मला माणसांचा कंटाळा आलाय, घरात भांडण आहे, वैराग्य आलंय, असलं काहीही नाही. मला फक्त माझ्या वेगानं बघायचंय.

रत्नदुर्गावर तेच. तिन्ही बाजूंनी समुद्र, नालेच्या आकाराचा किल्ला. भगवतीचं दर्शन घेतलं आणि दीपगृहाच्या बाजूला तटाशी जाऊन बसले. खाली मिरकरवाड्याकडे परतणाऱ्या होड्या. एका होडीवरचा माणूस जाळ्याची गुंडाळी पायानं दाबत होता आणि बरोबर पाणी पीत होता, एवढं स्पष्ट दिसत होतं. रिक्षावाले काका खाली थांबले होते. रिक्षाचं भाडं एकटीला जरा टोचतं, तिघांना जेवढं तेवढंच मला. त्याबद्दल तक्रार नाही, पेट्रोल काय माणसं मोजून जळतं? पण या काकांनीही सकाळी बसताना विचारलंच, "बाकीची मंडळी कुठायत?" टिळक आळीत टिळकांच्या घराबाहेर पुन्हा, "तुमचं कुणी आहे का इकडं?" भाट्याच्या सुरूच्या बनापर्यंत पोचेतो त्यांना माझी सासूसुद्धा पाठ झाली होती. त्यांच्यावर मी चिडले नाही. ती चौकशी आहे. चौकशी आणि परवानगी यात फरक आहे, आणि तो त्या नम्र पोराला कुणी शिकवला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मिरकरवाडा बंदरावर गेले होते. अजून नीट उजाडायचं होतं. ओल्या फरशीवर मासळीचे ढीग, बर्फाचे तुकडे उडतायत, बोली चाललीय, आणि त्या गर्दीत टोपल्या कमरेला लावून बायका उभ्या. एकेकट्या. भाव पाडतायत, शिव्या घालतायत, नोटा कमरेला खोचतायत. त्यांना कुणी म्हणत नाही, बाई, बांगड्याचा वाटा देतो पण आधी मिस्टरांशी बोलून दे. म्हणून बघावं!

त्याच गावात पतितपावन मंदिर आहे. सगळ्या जातींच्या लोकांना एकत्र देवासमोर उभं राहता यावं म्हणून 1931 मध्ये भागोजीशेठ कीरांनी पैसा घालून उभारलेलं, सावरकर स्थानबद्ध असतानाचं. आता त्या अन्यायाची आणि माझ्या खोलीची तुलना करायला मी काही खुळी नाही, कुणी अंगावर येऊ नका. पण त्या सभामंडपात बसून माझ्या डोक्यात आलंच, की दार उघडायचं म्हटलं तर गावाला ते जमतं.

आणि एसटी! मार्च 2023 पासून बायकांना राज्यभर अर्धं तिकीट आहे. कंडक्टर विचारत नाही सोबत कोण. अर्ध्या तिकिटात बसा, पाहिजे तिथे जा. जाऊन उतरायचं कुठे, ते मात्र मिस्टर सांगणार.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरला, कारण तो पोरगा आठवला. वाईट नव्हता हो. मी गणपतीपुळ्याला निघाले तर धावत बाहेर आला, म्हणाला, मॅडम, आरे-वारेवरून जाणारी गाडी बघा, निवळीवरून जाऊ नका, आणि डाव्या खिडकीला बसा. बसले. आरे आणि वारेचा तो समुद्र असा वळणावळणावर एकदम पायाखाली येतो की पोटात गोळा येतो. उजवीकडे बसले असते तर शेजारणीच्या डोक्यापलीकडे पाहावं लागलं असतं. ते सांगायचं त्याला सुचलं. त्याला काळजी होती हे मला कळतं. आणि खोली झाडायला यायची ती बाई, मिऱ्याची. झाडू भिंतीला टेकवून विचारायला लागली, "एकल्याच आलाव? भ्याव नाय वाटला?" म्हटलं, कशाचं? ती जरा विचार करून म्हणाली, "तां पन खरा." मग मला विचारलं, थिबाच्या वाड्यात आत काय काय आहे. तिचा जन्म या गावातला. आत कधी गेलेली नव्हती. कुणी नेलंच नाही म्हणाली. मी म्हटलं, नेतंय कोण, आपण जायचं. त्यावर जोरात हसली आणि बादली उचलून गेली.

तर आता कमेंट. मला ठाऊक आहे काय येणार. "जमाना वाईट आहे गं." आहेच. त्यासाठी तर दाराला कडी असलेली खोली मागतेय, किनाऱ्यावर पथारी टाकू म्हणत नाहीये. "समुद्राचं काही सांगता येत नाही." बरोबर, म्हणून मी पाण्यात घोट्यापलीकडे जात नाही. पुळ्याला लाटांत नाचणारी टोळकी बघा एकदा, जीवरक्षक शिट्ट्या मारून थकतात, त्यांच्या सोबत कोण ते विचारायला कुणी जात नाही. "एकट्या पुरुषांनाही खोली नाकारतात." हो, नाकारतात काही ठिकाणी, तेही चूकच. "काळजीपोटी म्हणतात." म्हणू देत.

पण आमचे हे नोकरीत असताना कंपनीच्या कामानं सांगली, लातूर, नांदेड, कुठे कुठे लॉजवर एकटे राहिले. आठ-आठ दिवस. रात्री-अपरात्री पोचायचे, दाढी वाढलेली, डोळे लाल, कुणीही संशय घ्यावा असा अवतार. मी घरीच असायचे, लँडलाइन होता. एकदाही मला फोन आला नाही की वहिनी, साहेब आलेत, देऊ का खोली?