खिडकी उडाली म्हणे

तीन रविवार झाले या गोष्टीला पण डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकते. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमची इंदूरची आठ-दहा जणांची फौज रविवारी उजाडता उजाडता कॅमेरे आणि मोबाइल घेऊन निघते. कधी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांच्या समाध्या), कधी राजवाडा, कधी लालबाग, आणि ऊन चढलं की पोहे-जलेबी. खरं सांगायचं तर निम्मे जण पोह्यांसाठीच येतात आणि त्या निम्म्यांत मी पण आहे. पोहे येईपर्यंत सगळ्यांचे फोन टेबलावरून फिरतात, जीरावनची (पोह्यांवरचा मसाला) बोटं स्क्रीनला लागतात, हा बघ, तो बघ, हा कसा आलाय सांग. तर त्या दिवशी आमच्यातल्या एका काकांनी (रिटायर्ड, साठीच्या पुढचे, अगदी गप्प स्वभाव) घरचा एक फोटो दाखवला. स्वयंपाकघर, ओट्यापाशी त्यांची आई पोळी लाटतेय, फोटो कमरेपासून वर, मागे खिडकी. आणि खिडकी म्हणजे नुसता पांढराफटक चौकोन.

फोन पहिल्याच्या हातात गेला, "काका, खिडकी उडाली." दुसऱ्याच्या हातात, "हो ना, हायलाइट गेलेच" (म्हणजे उजेड इतका की तिथे पांढऱ्याशिवाय काही उरलंच नाही). तिसरा म्हणाला ती गॅसची नळी मध्ये येतेय, काढून टाका एडिटमध्ये, दोन मिनिटांचं काम आहे. मग आमची एक ताई आहे जिला सगळंच आवडतं, ती म्हणाली "आजी कित्ती गोड!" आणि फोन पुढे सरकवला. काका "हो हो, बरोबर आहे तुमचं" म्हणाले आणि फोन खिशात. त्यानंतर दुसरा फोटो त्यांनी काढलाच नाही बाहेर.

मी काय बोलले? काही नाही. तोंडात पोहे होते. आणि मनात खिडकीच होती.

आता माझं म्हणणं. "छान" हा शब्द आपण लग्नातल्या अहेराच्या पाकिटासारखा वापरतो, दिलं, सुटलो, आत किती आहेत कोण बघतंय. "मस्त", "अप्रतिम", "गजब भिया", सगळी त्याच जातीची पाकिटं. वाईट काही नाही त्यात, मी पण देते, चुलत सासूबाईंनी गुलाबाचा फोटो पाठवला तर मी काय फोकस बघत बसू का? पण ज्याला शिकायचंय, जो सकाळी साडेपाचला उठून थंडीत छत्र्यांपाशी उभा राहिलाय, त्याला "छान" म्हणणं म्हणजे मी तुझा फोटो बघितलाच नाही असं सांगणं आहे.

आणि ज्यांना थोडंफार कळतं, म्हणजे आमच्यासारखे, ते तर त्याहून डेंजर. आम्हाला दोष लग्गेच दिसतो. दिसला की बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि बोललं की आपण किती हुशार असं वाटतं. खोटं नाही बोलत.

माझंच सांगते. खूप वर्षांपूर्वी, नवा नवा कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स, आणि मी राजवाड्याचा एक फोटो मोठा प्रिंट करून एका स्पर्धेला दिला होता. प्रिंट करताना पण किती वेळा दुकानात जाऊन रंग बघून आले होते. परीक्षक आले, माझ्या फोटोसमोर फार तर चार सेकंद थांबले, "पोस्टकार्ड" म्हणाले आणि पुढे गेले. एवढंच. मी मागेच उभी होते, नणंद सोबत होती, ती बिचारी म्हणाली "पोस्टकार्ड म्हणजे चांगलंच ना वहिनी?" कॅमेरा घरी आल्यावर कपाटाच्या वरच्या फळीवर साड्यांच्या मागे गेला तो दोन वर्षं खाली आला नाही.

गंमत म्हणजे ते बरोबर होते हो! सगळे जिथे उभे राहतात तिथेच मी उभी राहिले होते, भर दुपारी, डोक्यावर ऊन, भिंतीला सावली म्हणून नाही, सगळं सपाट. पण हे मला त्यांच्याकडून नाही कळलं. बरोबर असून उपयोग काय झाला मग? आणखी एक वाक्य बोलले असते, "सकाळी ऊन तिरकं असताना ये, लाकडी मजल्यांवरचं काम उठून दिसेल", तर माझी दोन वर्षं वाचली असती.

बरं, यातून मी शहाणी झाले असेन असं वाटेल तुम्हाला. अजिबात नाही. नवऱ्याच्या भाचीने रंगपंचमीच्या गेरचे, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचे, फोटो पाठवले होते, तेव्हा ती कॉलेजात होती. राजवाड्यापाशी मशीनने गुलाल चार-चार मजले वर उडतो ते तिने एका गच्चीवरून टिपलं होतं, पोरगी दोन तास त्या गर्दीत उभी. मी तिला उत्तर म्हणून मोठ्ठा निबंध पाठवला. चेहरे काळे, खालची वायर कापायला हवी, रंग जास्त चढवलेत, यात नक्की बघायचं काय ते कळत नाही, असे बारा मुद्दे. आकडे घालून! तिचं उत्तर आलं "ओके मामी" आणि हात जोडलेले. त्यानंतर मला तिच्याकडून लग्नाची पत्रिका आली, फोटो एकही नाही.

बारा मुद्द्यांतला एकच कामाचा होता आणि तो पण मी अर्धाच सांगितला. "चेहरे काळे" हे तिला पण दिसत होतं की, डोळे आहेत तिला. का काळे ते सांगायला हवं होतं. मागे उन्हात चमकणारा गुलाबी ढग असतो, फोनला वाटतं बाप रे किती उजेड, तो सगळाच उजेड कमी करतो आणि पुढचे चेहरे काळवंडतात. बोट चेहऱ्यावर ठेवायचं, तिथे जो छोटा सूर्य येतो तो जरा वर ओढायचा, मग क्लिक. बस एवढंच. पुढच्या गेरला तिने करून बघितलं असतं. बाकीचे अकरा मुद्दे मी तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी लिहिले होते.

म्हणून आता माझा नियम आहे (पाळला जातोच असं नाही), एका फोटोला एकच गोष्ट सांगायची, आणि ती अशी की समोरच्याला उद्या सकाळी हातात फोन घेऊन करता आली पाहिजे. "कॉम्पोझिशन वीक आहे" हे कोणी उद्या सकाळी कसं करणार?

मागे एक मुलगा येऊन राहिला होता आमच्यात, इंजिनीअरिंगचा. त्याचा राजवाडा सारखा मागे पडत होता, म्हणजे फोटोत. सात मजले आहेत, खालचे तीन दगडाचे, वरचे लाकडाचे, आणि मान वर करून जवळून फोन धरला की दोन्ही कडा वर जाऊन एकमेकांकडे झुकतात. त्याला सगळे सांगायचे "तिरका आलाय", मग तो बिचारा एडिटमध्ये फोटो डावीकडे फिरवायचा, मग उजवीकडे, एक कड सरळ झाली की दुसरी अजून पडायची. मी त्याला काही शिकवलं नाही. फोन हातात घेतला आणि म्हटलं स्क्रीनची कड बघ आणि ही भिंतीची कड बघ, दोन्हींच्या मधली फट बघ, खाली बोटभर आहे, वर किती झाली? तो बघत बसला. "अरे यार, हे तर मला दिसलंच नव्हतं." मग स्वतःच मागे मागे बागेपर्यंत गेला, फोन सरळ उभा धरला, खाली नुसता रस्ता आणि रिक्षा आल्या त्या नंतर कापल्या. दुसऱ्या आठवड्यात त्याने आणखी पुढची अक्कल लढवली, समोरच्या एका दुकानदाराला मस्का लावून वरच्या मजल्यावर चढला. ते मला पण सुचलं नसतं.

काही जण म्हणतात आधी गोड बोला, मग चूक सांगा, मग परत गोड. मला हे पटत नाही. समोरच्याला दुसऱ्यांदा कळतं की हे पहिलं गोड म्हणजे इंजेक्शनच्या आधीचा कापूस आहे, मग तो गोड ऐकतच नाही, सुई कधी येते याचीच वाट बघतो. जे खरंच आवडलं ते सांगा, नसेल तर गप्प बसा, पण काय आवडलं ते बोट ठेवून सांगा. "या बाईच्या बांगडीवर जो उजेड पडलाय तिथे मी थांबले" असं म्हटलं तर तो माणूस पुढच्या वेळी उजेड शोधेल.

आणि न विचारता दुसऱ्याचा फोटो एडिट करून परत पाठवणारे! देवा. तुमच्या घरी येऊन मी तुमची भाजी परत फोडणीला टाकली तर चालेल का?

इथे एक गोष्ट मध्येच सांगते, इंदूरची आहे म्हणून. राजा दीनदयाळ, ज्यांना पुढे निजामाने पदरी ठेवलं, ज्यांचे फोटो आज म्युझियममध्ये आहेत, ते मूळचे फोटोग्राफर नव्हतेच. रुडकीला इंजिनीअरिंग शिकले आणि १८६६ च्या सुमारास आपल्या इंदुरात पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन म्हणून लागले. कॅमेरा हातात घेतला तो १८७४ च्या आसपास, नोकरी सांभाळून, म्हणजे अपनसारखे हौशीच. तो काळ काचेच्या प्लेटचा, एक फोटो म्हणजे एक काच, आपल्यासारखे एका जलेबीचे चाळीस फोटो नाही. तुकोजीराव होळकरांनी, दुसऱ्या, त्यांचं काम बघितलं, आवडलं, आणि सर हेन्री डेलींपर्यंत पोचवलं, म्हणजे इंग्रजांचे इथले बडे अधिकारी, तेच डेली कॉलेजवाले डेली. पुढचं सगळं झालं ते दीनदयाळांच्या मेहनतीने, पण सुरुवातीला कोणीतरी नीट बघणारं भेटलं होतं. महाराज नुसतं "छान" म्हणून पान चघळत बसले असते तर? कोण जाणे.

तर काका.

पोहे संपले, सगळे पांगले, आम्ही दोघं नळापाशी हात धूत होतो. मला त्या बंद झालेल्या फोनचं वाईट वाटत होतं, म्हणून म्हटलं काका, तो मघाचा फोटो परत दाखवा ना. त्यांनी ओल्या हाताने काढला. मी नीट बघितला यावेळी. खिडकी उडालेली होतीच, पण आई एवढ्या उजेडापुढे उभी असून तिचा चेहरा, हातावरच्या शिरा, लाटण्यावरचं पीठ सगळं दिसत होतं. डोळ्याला उजेड आणि सावली दोन्ही एकदम झेपतात, कॅमेऱ्याला तेवढं झेपत नाही, कुठलं तरी एक सोडावं लागतं. काकांनी खिडकी सांभाळली असती तर आई काळी बाहुली झाली असती. म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून ज्याला चूक म्हटलं ती त्यांनी बरोबर केलेली एकमेव गोष्ट होती!

मग मी जे टेबलावर विचारायला हवं होतं ते विचारलं. "तुम्ही काय बघून क्लिक केलं?"

काका म्हणाले, "अहो, आई उभी आहे."

मला कळेना.

"खुब्याचं ऑपरेशन झालं ना, चार महिने पलंगावर. डॉक्टर म्हणाले होते वय चौऱ्याऐंशी, आशा कमीच ठेवा. त्या दिवशी मी अंघोळ करून बाहेर आलो तर ही आपली आपण उठून ओट्यापाशी उभी. पोळी लाटतेय. मी पळत जाऊन फोन आणला."

मी फोटो बघितला, काकांनी पण बघितला. दोघांच्या एकदमच लक्षात आलं. फोटो कमरेपासून वर होता.

"पाय," काका म्हणाले. "पाय तर आलेच नाहीत."

सहा माणसांनी तो फोटो बघितला होता, दोघांकडे लाखाच्या वरचे कॅमेरे आहेत, आणि एकालाही हे दिसलं नाही, दिसणारच नव्हतं, कारण उभं राहणं ही बातमी आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. ती चूक फक्त काकांना सापडू शकत होती, कोणीतरी विचारलं असतं तर. नंतर मी जे सांगितलं ते अगदी साधं, फोन आडवा नाही उभा धरा, दारापर्यंत मागे या, आणि तुम्ही उभ्याने नका काढू, पाटावर बसा म्हणजे वरून बघितल्यासारखं येणार नाही. काका म्हणाले पाटावर बसलो तर मला कोण उठवणार, मी म्हटलं स्टूल घ्या.

या रविवारी काकांनी नवा फोटो आणला. उभा फ्रेम. खाली फरशी, निळ्या रबरी स्लीपर, एक पाऊल जरा बाहेरच्या बाजूला वळलेलं, साडीचा काठ वर खोचलेला, आणि कडेला भिंतीला टेकवून ठेवलेला वॉकर. खिडकी याही वेळी पार पांढरी. फोन टेबलावर आला, पहिल्याने हातात घेतला, तोंड उघडलं, आणि आमचे गप्प काका म्हणाले, "खिडकीचं मला माहितीये. पुढचं बोला."

फोन फिरत फिरत आमच्या त्या ताईकडे गेला, जिला सगळंच आवडतं. ती कधी नव्हे ते बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "काका, हा वॉकर अर्धाच आलाय. पूर्ण हवा होता ना, म्हणजे तिने तो बाजूला ठेवलाय हे कळलं असतं."

काकांनी फोन परत घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी डोळ्याजवळ धरून बघितलं.

"हो की," म्हणाले. "उद्या परत काढतो. ती पोळ्या रोजच लाटते आता."